परतीचं तिकीट कुणी काढायचं?

आपल्याकडे मुलगा, लेक किंवा जावई परदेशी निघाला की शेजारणीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘तिकीट कोण काढतंय?’’ ‘‘कंपनी काढतेय,’’ असं उत्तर देताना आईचा चेहरा कसा फुलतो! पेढे वाटताना ही माहिती आवर्जून सांगितली जाते. कंपनीनं तिकीट दिलं, व्हिसाचा खर्च केला, पहिले काही दिवस राहायची सोय केली... म्हणजे आपल्या पोराची किंमत आहे हो तिथं! भिशीत, हळदीकुंकवात, लग्नाच्या मांडवात हा विषय महिनाभर पुरतो.

पण नोकरी मध्येच गेली तर परतीचं तिकीट कोण काढणार, हे मात्र कुणी विचारत नाही. निघताना असलं काही बोलणं म्हणजे अपशकुन! घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मग त्या येण्याचा खर्च कुणाचा, हे विचारायला आपली जीभ का अडते?

मैत्रिणींनो, हा प्रश्न अभद्र नाही, व्यवहाराचा आहे. ‘लेऑफ’ हा शब्द आता तालुक्याच्या गावातही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हा तो आपण पहिल्यांदा ऐकला. २००८ च्या मंदीत पुन्हा ऐकला. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये तर नावाजलेल्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येनं माणसं कमी केली. त्यांत व्हिसावर गेलेली आपली मुलंमुली होती, आणि त्यांच्या मागोमाग गेलेल्या सुनाही होत्या. म्हणूनच हा विषय फक्त संगणकवाल्यांचा नाही, आपल्या घरचा आहे.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा माणसाला स्वतःहून मागता येत नाही. तिथल्या कंपनीनं त्याच्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागतो. त्यालाच ‘स्पॉन्सर करणं’ म्हणतात. दरवर्षीचा कोटा ६५ हजारांचा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. हा व्हिसा मिळणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची असते. एका वेळी तीन वर्षांपर्यंत आणि एरवी एकूण सहा वर्षांपर्यंत राहता येतं. पण खरी गोम पुढेच आहे. हे राहणं त्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की पगार तर जातोच, पण त्या देशात राहण्याचा आधारही डळमळतो. पुण्यात नोकरी गेलेला माणूस भाड्याच्या खोलीत बसून सहा महिने दुसरी नोकरी शोधू शकतो, गावी येऊन आईच्या हातचं जेवू शकतो. तिकडे तसं नाही. तिथे नोकरीबरोबर पायाखालची जमीनही जाते.

म्हणूनच अमेरिकेच्या कायद्यानं एक गोष्ट मान्य केली आहे. १९९० सालच्या इमिग्रेशन कायद्यात त्यांनी तरतूद केली, की एच-१बीवर बोलावलेल्या माणसाला मंजूर मुदत संपण्याआधी कंपनीनं नोकरीवरून काढलं, तर त्याच्या परदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा. ही कंपनीची मेहेरबानी नाही, तिच्यावरचं बंधन आहे. अर्ज भरतानाच कंपनीच्या अधिकाऱ्याला तशी हमी सही करून द्यावी लागते. म्हणजे आपला मुलगा विमानात बसायच्या आधीच त्याच्या परतीच्या तिकिटाची जबाबदारी कुणीतरी लेखी घेतलेली असते. पण हे त्या मुलाला ठाऊक असतं का? मला भेटलेल्या दहांपैकी आठ जणांना नव्हतं. आणि त्यांच्या आयांना तर नाहीच नाही!

हा नियम का आला असावा, याचा जरा विचार करून बघा. ज्यानं माणसाला सातासमुद्रापलीकडे बोलावलं, आपल्याशिवाय दुसरीकडे सहज जाता येणार नाही असं त्याचं बस्तान बसवलं, त्यानं गरज संपल्यावर ‘आता तुझं तू बघ’ म्हणून हात झटकणं बरोबर नाही. आपल्याकडे साधी रीत आहे. माहेरवाशिणीला मुराळी पाठवून आणायचं, तर परत पोहोचवायलाही कुणीतरी जायचं. लग्नाला वऱ्हाड बोलावलं तर त्याच्या परतीच्या गाडीची सोय यजमान बघतो. बोलावणाऱ्यावर पोहोचवण्याची जबाबदारी असते. त्या कायद्यात मला ही आपली घरगुती रीतच दिसते.

आता कुणी म्हणेल, लाखांत पगार घेणाऱ्यांना एका तिकिटाचं काय कौतुक? अमेरिकेत बसून डॉलर कमावणाऱ्याला स्वतःचं तिकीट काढता येत नाही का? हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला आहे, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. काहींना तिकीट परवडतं. पण पगाराचे डॉलर मोजताना तिकडचं घरभाडं, मोटारीचा हप्ता, विमा, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज आपण मोजत नाही. इकडे बापानं शेत किंवा घर तारण ठेवून मुलाला मास्टर्सला पाठवलेलं असतं. पहिली दोन-तीन वर्षं ते फेडण्यातच जातात. नेमकी तेव्हाच नोकरी गेली तर हातात काय उरतं? आणि दुसरं म्हणजे, हक्क हा गरीब-श्रीमंत बघून ठरत नाही. बँकेत मॅनेजर असलेल्या बाईलाही बाळंतपणाची रजा मिळतेच ना? तिला परवडतं म्हणून आपण ती रजा काढून घेत नाही. तिकिटाचंही तसंच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा कायदा आहे चांगला, पण त्याला इतकी भोकं आहेत की त्यातून नेमकं आपलं माणूस गळून पडतं.

पहिलं भोक राजीनाम्याचं. कंपनीनं काढलं तर तिकीट. स्वतःहून नोकरी सोडली तर नाही. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण प्रत्यक्षात काय होतं बघा. आमच्या महिला मंडळात येणाऱ्या एका मावशींची गोष्ट. लेक-जावई तिकडे, दोन लहान मुलं. एका सकाळी जावयाला व्हिडिओ कॉलवर बोलावून सांगितलं की तुमची जागा आता राहिलेली नाही. ‘‘काढून टाकलं अशी नोंद नको असेल तर राजीनामा द्या, पुढच्या नोकरीसाठी ते बरं दिसेल, वर दोन महिन्यांचा पगारही देतो.’’ पोरगा घाबरलेला. त्यानं त्याच दिवशी सही करून टाकली. पंधरा दिवसांनी कुणीतरी सांगितलं म्हणून तिकिटाचा विषय काढला, तर उत्तर आलं, ‘‘तुम्ही तर स्वखुशीनं सोडलीत!’’ चार माणसांची तिकिटं. शेवटी मावशींनी बँकेतली ठेव मोडली. ‘‘ताई, जाताना तिकीट कंपनीनं काढलं म्हणून मी साऱ्या गल्लीत सांगितलं होतं हो,’’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते पैशांचं नव्हतं.

दुसरं भोक मला बाई म्हणून जास्त टोचतं. कायद्यातली परतीच्या खर्चाची जबाबदारी फक्त नोकरदाराची आहे. त्याच्या बायकोची नाही, मुलांची नाही. बायको जाते ती एच-४ व्हिसावर. तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. बहुतेकींना नोकरी करता येत नाही. ज्यांच्या नवऱ्यांची ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढे सरकली आहे, अशा काहीजणींना २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली, पण सगळ्यांना नाही. म्हणजे इकडे शिक्षिका, इंजिनियर, फिजिओथेरपिस्ट असलेली मुलगी तिकडे वर्षानुवर्षं घरी बसते. नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही त्या देशातला आधार जातो, पण कायद्याच्या हिशेबात ती कुठेच नाही. कंपनीनं बोलावताना ‘फॅमिलीसह या’ म्हटलेलं असतं. परत पाठवताना मात्र माणूस एकटाच मोजायचा! हा कुठला न्याय?

तिसरं भोक वेळेचं. जानेवारी २०१७ पासून अमेरिकेनं नोकरी गेलेल्यांना जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत दिली. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. त्याआधी अशी लेखी सवलतच नव्हती. २००१ आणि २००८ मध्ये ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचे हाल आठवून बघा. या ६० दिवसांत दुसऱ्या कंपनीनं त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो, दुसरा व्हिसा तरी मागावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. आता सांगा, साठ दिवसांत नोकरी शोधायची, मुलाखती द्यायच्या, घराचा करार मोडायचा, मोटार विकायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, की तिकिटासाठी कंपनीशी भांडत बसायचं? माणूस काय करतो? बायको-मुलांना स्वतःच्या खर्चानं पुढे पाठवून देतो आणि आपण मित्राच्या सोफ्यावर झोपून अर्ज करत बसतो. दुसरी नोकरी मिळाली तर तो परत जात नाही, म्हणून पहिल्या कंपनीचं तिकीटही वाचतं. कुटुंब मात्र दोन देशांत विभागलं जातं, आणि तो खर्च कुणाच्याच खात्यावर लिहिला जात नाही. आजीच्या खात्यावर लिहिला जातो म्हणा ना! कारण अर्ध्या वर्षात मराठी न येणारी नातवंडं घेऊन लेक दारात उभी राहते तेव्हा शाळा, डबा, डॉक्टर सगळं आजीच बघते.

चौथी गोष्ट, ही तरतूद सगळ्या व्हिसांना लागू नाही. एकाच कंपनीच्या इथल्या ऑफिसातून तिकडच्या ऑफिसात बदलीवर जाणाऱ्यांचा एल-१ व्हिसा असतो. त्याला कायद्यातलं हे तिकिटाचं संरक्षण नाही. कंपनीनं करारात लिहून दिलं असेल तरच. म्हणजे एकाच मजल्यावर शेजारी शेजारी बसून काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला हक्क आहे आणि दुसऱ्याला नाही. गंमत अशी, की अमेरिकेत हंगामी शेतीकामासाठी परदेशातून मजूर बोलावतात, त्यांच्या बाबतीत नियम उलट जास्त कडक आहे. कराराचं काम पूर्ण केलं तरी त्यांचा परतीचा प्रवास मालकानंच द्यायचा. शेतमजुराला जे मिळायला हवं हे त्या सरकारला कळलं, ते संगणकावर बसणाऱ्याला का नको?

आता अमेरिकेवरून जरा आखाताकडे वळू. कारण रत्नागिरी, रायगडमधल्या कितीतरी घरांची चूल आखाती पैशांवर पेटते. तिथेही कामगाराला मालकच बोलावतो, मालकाच्या नावावरच तो राहतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात लिहिलं आहे की काम संपल्यावर कामगाराला त्याच्या देशी पाठवण्याचा खर्च मालकाचा. फक्त तो दुसऱ्या मालकाकडे लागला किंवा त्याच्याच दोषामुळे करार संपला तर नाही. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यातही परतीचं तिकीट मालकानंच द्यायचं आहे. वाचून बरं वाटतं ना? पण २०१६ चा उन्हाळा आठवा. सौदीत तेलाचे भाव पडले, बांधकामं थांबली आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत अडकून पडले. महिनोन्‌महिने पगार नाही, जेवणाचे वांधे. जेद्दामधल्या आपल्या वकिलातीला धान्य वाटावं लागलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या सुषमा स्वराज यांना स्वतः लक्ष घालावं लागलं, परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तिकडे जावं लागलं. तिकीट द्यायचं ज्याच्यावर बंधन होतं, तो मालकच बुडालेला. बुडालेल्या मालकाकडून तिकीट कसं वसूल करणार? कागदावरचा हक्क तिजोरीत खडखडाट असताना काय कामाचा?

आणि परदेशाला एकट्याला बोल लावून चालणार नाही. आपल्या देशातही दूरच्या राज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. त्यात जाण्यायेण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद होती. तरीही २०२० च्या टाळेबंदीत लाखो माणसं चालत निघाली. ८ मे २०२० ला पहाटे जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रेल्वेरुळावर थकून झोपले आणि त्यांतल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. रुळावर विखुरलेल्या भाकरी आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिल्या. त्या माणसांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती का? होती. पण ती पार पाडायला कुणी उभं राहिलं नाही. म्हणून मी म्हणते, नुसता कायदा असून भागत नाही. तिकिटाचे पैसे गरज पडण्याआधीच बाजूला काढलेले असावे लागतात.

हे शक्य आहे का? आहे! आणि त्याचं उदाहरण समुद्रावर आहे. जहाजावर काम करणाऱ्या खलाशांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानंही २०१५ मध्ये तो स्वीकारला. खलाशाला ठरावीक परिस्थितीत घरी पोहोचवणं ही जहाजमालकाची जबाबदारी, असं त्यात आहे. पण मालक दिवाळखोर होऊन जहाज कुठल्यातरी बंदरात सोडून देतात, मग खलाशी अडकतात, हा अनुभव आला. म्हणून जानेवारी २०१७ पासून नियम आणखी घट्ट झाला. मालकानं आधीच विमा किंवा तशी आर्थिक हमी काढून ठेवायची. खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर त्यातून घरी जायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळायचा. आणि त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं. आजही खलाशी अडकतात, नाही असं नाही. पण निदान हात पसरायला एक जागा असते. समुद्रावरच्या माणसासाठी जे जमलं, ते जमिनीवरच्या माणसासाठी का जमू नये?

आपल्या सरकारनंही थोडंफार केलं आहे, ते माहीत असायला हवं. दहावी न झालेले लोक आखाती आणि इतर काही मिळून १८ देशांत नोकरीला जातात तेव्हा त्यांना उत्प्रवास संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. त्याचं कार्यालय मुंबईत आहे. बायकांसाठी तर वयाची अट आहे, अशा पासपोर्टवर घरकामाला जायचं तर वय ३० पूर्ण हवं. या कामगारांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्यात १० लाख रुपये मिळतात. त्याशिवाय २००९ पासून आपल्या वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयाला त्यातून परतीच्या तिकिटाची मदत मिळू शकते. ‘मदद’ नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवता येते. हे सगळं चांगलं आहे. पण विचार करा, मालकानं द्यायचं तिकीट सरकारी निधीतून द्यावं लागलं तर सुटला कोण? मालकच ना!

माझं म्हणणं चार वाक्यांत सांगते. परतीचं तिकीट हे बोलावणाऱ्याचं कर्ज आहे, त्यानं ते आधीच विम्यानं किंवा ठेवीनं बांधून ठेवावं. बायको-मुलांना बोलावलं असेल तर तिकीट त्यांचंही असावं. नोकरकपातीच्या वेळी घेतलेला राजीनामा ‘स्वखुशीचा’ धरू नये. आणि आपलं सरकार दुसऱ्या देशांशी कामगारांबद्दल करार करतं तेव्हा या तीन गोष्टींचा आग्रह त्यानं धरावा. पंतप्रधान परदेशी गेले की तिथल्या भारतीयांच्या भव्य सभा होतात, त्यांचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर आपल्या देशाची परकीय चलनाची गंगाजळी भरते. मग त्यांच्या पडत्या काळाचाही विचार त्याच मंचावरून व्हायला नको का?

तोवर आपण काय करायचं? नुसता कायद्याच्या नावानं शंख करून घरात स्वस्थ बसायचं नाही. मुलगा, लेक, जावई, नवरा, कुणीही परदेशी निघत असेल तर पेढ्यांबरोबर या गोष्टी विचारा. करारपत्रात परतीच्या प्रवासाबद्दल काय लिहिलंय? माझ्यापुरतं की कुटुंबासाठीही? करार, ऑफर लेटर, व्हिसा मंजुरीची नोटीस या सगळ्याची एकेक प्रत इथे घरी फाइलमध्ये लावून ठेवा. तिकडे कंपनीचा कॉम्प्युटर क्षणात बंद होतो, मग ई-मेलमधलं काहीच हाती लागत नाही. नोकरी जायची वेळ आलीच, तर घाईनं कुठल्याही कागदावर सही करायची नाही, ‘वाचायला वेळ द्या’ म्हणायचं. काढल्याचं पत्र लेखी घ्यायचं, आणि तिकिटाची मागणीही लेखीच करायची. कंपनीनं दाद दिली नाही तर तिथल्या इमिग्रेशन खात्याला लेखी कळवता येतं. पगार थकवला असेल तर अमेरिकेच्या श्रम खात्याकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. एक महत्त्वाची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. तिथल्या श्रम खात्याच्या अपील मंडळानं २००६ च्या एका निकालात धरलं, की कामगाराला कळवणं, इमिग्रेशन खात्याला कळवणं आणि परतीच्या प्रवासाची सोय करणं या गोष्टी केल्याशिवाय नोकरी कायदेशीरपणे संपली असं धरता येत नाही, पगाराची जबाबदारी कंपनीवर राहू शकते. म्हणजे ते तिकीट वाटतं तेवढं किरकोळ नाही. कंपन्यांच्या वकिलांना हे पक्कं ठाऊक असतं, फक्त आपल्या मुलांना नसतं!

बायकोच्या बाबतीत आणखी थोडं. तिच्या नावावर इथे एक बँक खातं असू द्या, त्यात निदान तिच्या आणि मुलांच्या तिकिटाचे पैसे कायम असू द्या. मुलीला लग्नात सोन्याच्या बांगड्या घालतो आपण. त्यातली एक कमी करा, पण हे खातं उघडून द्या. नोकरी गेल्यावरच नव्हे, घरात काही बिनसलं तरी परत यायचा मार्ग तिच्या हातात राहील. हे लिहिताना मला काहीजणींचे चेहरे दिसताहेत, ज्यांच्याकडे हा मार्ग नव्हता.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वभावाची. परत आलेल्या माणसाकडे आपण कसं बघतो? ‘‘काय, कायमचे आलात का?’’ हा प्रश्न आपल्या गावात किती गोड आवाजात विचारला जातो! त्या एका प्रश्नाच्या भीतीनं कितीतरी मुलं महिनोन्‌महिने घरी खरं सांगत नाहीत, कर्ज काढून तिकडे राहतात, हक्काचं तिकीटही मागत नाहीत. कारण तिकीट मागितलं म्हणजे हरल्याची कबुली दिली, असं त्यांना वाटतं. कंपनीला ही लाज फार सोयीची पडते. माणूस लाजेनं गप्प बसला की तिचे पैसे आपोआप वाचतात. तेव्हा कंपनीकडून हक्काचं तिकीट वसूल व्हायला हवं असेल, तर सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून करावी लागेल. नोकरी गेली म्हणजे अब्रू गेली नाही, हे आईनं फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं. आणि दुसऱ्या वाक्यात विचारायचं, ‘‘बाळा, तिकीट मागितलंस का?’’